वरवंटा पेलणारं रबर

आमच्या गिरणीची वाट कुणी विचारली, तर पौडमधली माणसं हात वर करून एवढंच म्हणायची, "वास येतुया न्हवं? मग जावा सरळ नाकासमोर." आणि माणूस बरोबर येऊन पोचायचा. गंधक आणि एरंडेल एकत्र शिजवलं की जो वास सुटतो, तो ज्यानं कधी घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. जळका लसूण, ओलं घोंगडं आणि वरून नासकं अंडं, असं काहीसं म्हणता येईल. पण एवढ्यावर भागत नाही.

हा वास ज्यांच्या पातेल्यातून निघायचा त्या आमच्याकडच्या मास्तरांना मात्र तो मुळीच येत नसे. पुण्याच्या एका कॉलेजात ते रसायनं शिकवायचे. तिथं एकदा क्लोरीनची बाटली तोंडापाशी फुटली आणि त्यांचं नाक कायमचं गेलं. "नाक आहे ते चष्मा ठेवण्यापुरतं," असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे शिजवलेल्या मालाला वास किती आहे, कालच्यापेक्षा कमी की जास्त, हे कळायला त्यांना दुसऱ्याचं नाक लागे. ते नाक माझं होतं. मी गिरणीवाल्यांच्या घरात नवी सून. दुपारची भांडी आवरून जरा टेकते न टेकते तोच मागच्या पत्र्याच्या शेडमधून हाक यायची,

"वहिनी, जरा नाक घेऊन या!"

परक्या पुरुषाच्या शेडमध्ये सुनेनं एकटीनं जायचं नाही म्हणून सासूबाई निवडायची डाळ सुपात घेऊन माझ्या मागोमाग यायच्या आणि दारात बसायच्या. मग मी एक वास घ्यायची, त्या दुसरा घ्यायच्या, आणि आमचं दोघींचं जुळलं नाही की तिथंच वाद व्हायचा. सासू-सुनेचं भांडण आमच्या घरी मिठावरून किंवा पाण्यावरून कधी झालं नाही. झालं ते गंधकावरून.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावात त्यांना नावानं कुणी ओळखतही नव्हतं. लहानथोर सगळे 'रबरमास्तर' म्हणत. मी 'भाऊ' म्हणायची. उंच, काटकुळे, धोतरावर काळा कोट, आणि त्या कोटाला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांनी आणि ॲसिडानं इतकी भोकं पाडलेली की माझे सासरे म्हणायचे, "मास्तर, ह्यो कोट घालण्यापरास नुसता उन्हात हुबं ऱ्हावा, तेवढीच ऊब."

ते आमच्याकडे आले तेव्हा मी ओसरीवरच होते. टांग्यातून एक लोखंडी पेटी उतरवली, पेटीवर स्वतः बसले, घाम पुसला आणि मामंजींना विचारलं,

"तुमच्या बॉयलरची वाफ गिरणी थांबल्यावर वाया जाते का?"

मामंजी गोंधळले. "जाती की. तिला काय डब्यात भरून ठिवू?"

"मला द्या."

नमस्कार, गाव, जात, गोत, काही नाही. 'मला द्या.' आयुष्यभर वाया जाणारी वाफ कुणी मागेल असं मामंजींना वाटलं नव्हतं. ते हसले आणि रबर शिजवण्याच्या प्रयोगांसाठी मागची शेड उघडून दिली. बदल्यात भाऊ गिरणीचं यंत्र धडधाकट ठेवायचे. पट्टे सांधायचे, गळती बुजवायची, आणि आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, बॉयलरवरच्या काट्याचं इंग्रजी वाचायला शिकवायचे.

गिरणी होती भाताची. मुळशीचा आंबेमोहोर तेव्हाही पुण्याच्या पेठांत नावाजलेला, पण दाणा नाजूक. आमच्या यंत्रात लोखंडाचा दांडा लोखंडी नळीत फिरायचा, आणि त्यात हा नाजूक दाणा पडला की निम्मी कणी व्हायची. त्यामुळे चांगला आंबेमोहोर बायका उखळातच सडायच्या आणि गिरणीत यायचं ते जाडंभरडं भात. त्यातच वरच्या अंगाला धरणाचं पाणी चढलं. खोऱ्यातली उत्तम खाचरं पाण्याखाली गेली, आणि सुगीत गिरणीपुढं लागणारी बैलगाड्यांची रांग आखडत आखडत आमच्या दारातल्या चिंचेपर्यंतसुद्धा पोचेना. मामंजी सकाळी दारात उभे राहून रस्त्याकडं बघत बसायचे. 

एक दिवस भाऊंनी यंत्रातून पडलेली कणी मुठीत घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. मग पोत्यातलं चिमूटभर भात दोन तळहातांत धरून जोरात चोळलं, फुंकर मारली आणि हात मामंजींपुढं केला. तूस उडून गेलं होतं. हातावर अख्खे दाणे होते.

"बघा. लोखंड दाण्याला मारतं. तळहात नुसतं सोलतो. का? मऊ आहे, पण दाबाला पक्का आहे. तुमच्या यंत्राला तळहात पाहिजेत."

"यंत्राला तळहात?"

"रबराचे. दोन रूळ समोरासमोर, एक जोरात फिरणारा, एक सावकाश. मधून भात सोडायचं."

कल्पना एवढीच. पण ती खरी करण्यात त्यांचा संसार व्हायचा राहिला, रजा संपून नोकरी सुटली, आणि आमच्या घरातलं एकही पातेलं पहिल्यासारखं उरलं नाही.

अडचण अशी, की रूळ फिरायला लागले की घासून तापायचे. मुंबईहून आणलेलं झाडाच्या चिकाचं रबर त्यांनी प्रथम रुळांवर चढवलं. सुरुवातीला दाणे असे सुंदर पडले की मामंजींनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. पण जरा वेळानं रबर तापलं, गुळासारखं मऊ पडलं, त्याला तूस चिकटलं, आणि ढलप्या निघून तांदळात पडू लागल्या. मऊ रबर तापल्यावर विरघळायचं. गंधक वाढवून कडक केलं तर ते शिंगासारखं व्हायचं आणि लोखंडासारखीच कणी पाडायचं. तापलं तरी मऊ पडू नये, मऊ असलं तरी फाटू नये, असं रबर पाहिजे होतं. तसं बाजारात मिळत नव्हतं.

"मग करायचं," भाऊ म्हणाले. "महायुद्धात जर्मनांना झाडाचं रबर मिळेना. त्यांनी चुना आणि कोळसा यांच्यापासून रबर काढलं. माणसानं केलेलं रबर! आपल्याकडे चुना आहे, कोळसा आहे, वर एरंडेल आहे."

"त्येलाचं रबर?" मामंजी म्हणाले. "उद्या दगडाचं लोनी काढाल."

पण तेलाचं रबर निघालं. तापलेल्या एरंडेलात गंधक टाकून ते घोटत राहिले की खरवसासारखा पिवळट गोळा तयार व्हायचा. दाबला की दबायचा, सोडला की वर यायचा. एकट्यानं त्यात जीव नव्हता, ओढला की तुटायचा. पण झाडाच्या रबरात मिसळला की ते उन्हातान्हात तग धरायचं. आता मिसळायचं कशानं? हे रबर हातानं मळून मळलं जात नाही. भाऊंनी कुठल्याशा गुऱ्हाळातून उसाचा एक मोडका लोखंडी चरक मिळवला आणि आमच्या अंगणात रोवला. बैल गोल फिरायचा, आणि चरकातून रसाऐवजी रबराची लोळी निघायची. ती दुमडून परत घालायची, मध्ये मध्ये पांढरी पूड भुरभुरायची. रस प्यायला म्हणून वाटसरू तांब्या घेऊन यायचे आणि लोळी बघून मुकाट्यानं परत जायचे. बैलसुद्धा सुरुवातीला वासानं फुरफुरायचा, मग सवयीचा झाला. तो बैल पुढं बाजारात विकायला नेला तेव्हा गिऱ्हाईक त्याच्या अंगाला नाक लावून मागं सरलं होतं.

प्रत्येक घाणा निराळा. कशात गंधक जास्त, कशात सफेदा, कशात शाडूची माती. त्यांना ओळखायचं कसं? आकडे भाऊंना आवडत नसत. ते प्रत्येक घाण्याला आपल्या नात्यातल्या माणसांची नावं द्यायचे. लवकर तापून चिकटणारा तो 'मेहुणा'. वरून कडक पण वाकवला की काडकन मोडणारे ते 'थोरले काका'. कितीही ओढा, लांबत जाणारी पण परत कधीच जागेवर न येणारी ती 'नाशिकची आत्या'. त्यांच्या घरच्यांनी त्यांना वकील करायचं ठरवलं होतं, त्याचा हा सूड असावा. आम्हीही तीच नावं घ्यायला लागलो.

त्यातून एकदा मोठी गंमत झाली. त्यांचे खरेखुरे मेहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान, जरीकाठी उपरणं घेतलेले, त्यांना समजावून परत न्यायला पुण्याहून आले. मी त्यांना ओसरीवर चहा दिला. तेवढ्यात मागल्या दारी सासूबाईंचा आवाज चढला, "अगं, त्यो मेहुना उचल आन् उकिरड्यावर टाक! नुसता चिकटून बसलाय मेला, सुटता सुटंना!" पाहुण्यांच्या हातातली बशी कलंडली. भाऊ मात्र शांतपणे म्हणाले, "तुमच्याविषयी नाही हो. म्हणजे आहे, पण हे तुम्ही नव्हेत." मेहुणे त्याच टांग्यानं परत गेले. नंतर त्यांना कुणी न्यायला आलं नाही.

रबर पारखायची त्यांची पद्धतही अशीच. आधी तुकडा दाढेखाली धरायचा. चावत असले की बोलायचे नाहीत, नुसते भुवया वर-खाली करायचे, आणि भुवयांवरून आम्हाला घाणा कसा जमलाय ते कळायचं. मग तुकडा तापल्या तव्यावर उलथन्यानं दाबायचा. आणि शेवटी वरवंटा. शेडमध्ये आढ्याला एक खुंटी होती. तिला रबराची पट्टी बांधायची, पट्टीला सासूबाईंचा दगडी वरवंटा लटकवायचा, आणि खाली चुलीवर पाण्याचा हंडा रटरटत ठेवायचा. वाफेत पट्टी तापायची, लांबायची, लांबायची आणि धाड! वरवंटा हंड्यात. त्या आवाजानं गावातली कुत्री उठायची, आणि घरातून सासूबाई ओरडायच्या, "पडला का? मग आना आता हिकडं, चटनी खोळंबलीया!"

"तापवा, ताणा, मग बोला," हे त्यांचं पालुपद. ते रबराला लावायचे, तसंच माणसालाही. आमच्या नणंदेला एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा दिसायला चांगला. भाऊ त्याला मुद्दाम भर दुपारी बॉयलरपाशी घेऊन गेले, बराच वेळ उभा केला आणि इकडचं तिकडचं विचारत राहिले. परत येऊन मामंजींना म्हणाले, "चालेल. तापला, पण चिकटला नाही." तो जावई पुढं सोन्यासारखा निघाला.

ह्या सगळ्यात एकच माणूस त्यांच्यावर खरोखर चिडलं होतं. धोंडाबाई. तिचं गाव धरणात गेलेलं. आमच्या शेजारच्या वस्तीवर खोपटं घालून ती राहायची आणि लोकांचं भात सडून पोट भरायची. एका दुपारी ती मुसळ खांद्यावर घेऊनच शेडच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, पान्यानं आमचं श्यात न्येलं. त्ये कंपनीचं काम म्हनं, कुनाला इचारायचं? पर तुमी तर हितं आमच्यात ऱ्हाताय. आता तुमचं ह्ये रबर माजं उखाळ बी न्येनार. मग मी काय करू?"

भाऊंच्या दाढेत रबर होतं. त्यांनी ते काढलं.  ती निघून गेली तरी तो तुकडा त्यांच्या हातातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट झटकून ते तिच्या खोपटावर गेले. मी नि सासूबाई चरकापाशी होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"धोंडाबाई, माझं यंत्र झालं तर त्यात भात सोडायला जाणतं माणूस लागेल. किती सोडायचं, कधी थांबायचं, कुठलं भात ओलं आहे, हे माझ्या पुस्तकात नाही. तुम्ही याल?"

"आन् यंत्र झालंच न्हाई तर?"

"तर तुमचं उखळ कुठं गेलंय?"

ती हसली नाही. पण "बगू" म्हणाली.

यंत्र होण्याची लक्षणं मात्र नव्हती. त्या साली सुगी सरल्यावर पेठेतला एक मोठा व्यापारी मामंजींच्या शब्दाखातर आंबेमोहोराची पोती घेऊन आला. रुळांवर नवा घाणा चढवला होता. भाऊंना त्याची फार खात्री होती. मजबुतीसाठी त्यात काजळी घातली होती. तासभर चाललं असेल नसेल. मग पट्ट्याचा सूर बदलला, रूळ धुपायला लागले आणि पांढऱ्या तांदळावर काळे फराटे उठले. व्यापाऱ्यानं मूठभर तांदूळ नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "पाटील, हा भात मी मयतालासुद्धा शिजवणार नाही." त्यानं उरलेली पोती गाडीत भरली.

गाडी वळणाआड गेल्यावर मामंजी भाऊंपुढं येऊन उभे राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर, माज्याच्यानं आता वढत न्हाई. बॉयलर इकत घ्यायला मानूस येतुया. येत्या वैशाखात सगळंच मोडीत काढायचं. तवर काय करायचं त्ये करा. मग पेटी उचला."

भाऊ म्हणाले, "बरं." पुढचे काही दिवस ते शेडमधून हाक मारेनात. वास थांबला. सासूबाई दर दुपारी दारात डाळ घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "चुकल्यावानी वाटतंय बाई. काय झालं कुनास ठावं."

आणि मग ती पट्टी सापडली.

झालं असं. बॉयलरपासून यंत्राकडं जाणाऱ्या वाफेच्या नळीला सांध्यावर गळती होती. आमच्या ह्यांनी ती कधीतरी पावसाळ्यात एका टाकाऊ रबराच्या पट्टीनं करकचून बांधली होती आणि विसरून गेले होते. एका सकाळी भाऊ उदास होऊन बॉयलरभोवती फिरत होते. त्यांचा हात सवयीनं त्या पट्टीवर गेला. दाबली. सुटली. परत दाबली. मग ते खाली बसले आणि त्यांनी नळीलाच दात लावले. हे धावले, "मास्तर, भाजंल!"

भाऊंच्या भुवया वर गेल्या. गेल्या त्या खाली येईनात. तोंड सोडवून ते ओरडले,

"ही पट्टी कुणी बांधली?"

"मीच बांदली हुती. गळत हुतं म्हनून. तुमीच टाकून दिल्याली हुती, घेतली. चुकलं का काय?"

"कुठल्या घाण्याची?"

ह्यांनी डोकं खाजवलं. "धाकली मावशी, वाटतं."

धाकटी मावशी! मलाही आठवली. तिच्यात गंधक अगदी चिमूटभर, शाडू आणि जस्ताचा सफेदा भरपूर, वर थोडी विरलेल्या चुन्याची चाळलेली पूड. शिजवली तेव्हा इतकी लिबलिबीत निघाली होती की भाऊंनी दाढेखालीसुद्धा धरली नव्हती. "स्वभावानं चांगली, पण कणा नाही," असं म्हणून टाकून दिली होती. ती मावशी महिनोन् महिने वाफेच्या नळीला मिठी मारून बसली होती, आणि विरघळली नव्हती, तडकली नव्हती, शिंगासारखी झाली नव्हती. उलट तिला कणा आला होता.

भाऊ अंगणात आले आणि नाचायला लागले. खोटं नाही सांगत. काटकुळे पाय, धोतराचा सोगा सुटलेला, कोटाच्या भोकांतून ऊन आरपार. "मी उलटा चाललो होतो, वहिनी! चिकटलं की गंधक वाढवत होतो, भसाभस जाळ घालत होतो. गंधक कमी पाहिजे! जाळ मंद पाहिजे! तिला वेळ पाहिजे होता हो, वेळ! मी तिला एका तासात शहाणी करायला बघत होतो!"

सासूबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "मावशी कुनाची बी असू द्या, दमानंच घ्यावं लागतं."

त्या दिवसापासून शेडमध्ये नवा उद्योग सुरू झाला. एरंडेलाचं रबर, झाडाचं रबर, शाडू आणि सफेदा, बैलाच्या चरकात दोन-दोन दिवस मळायचं. ताण सोसावा म्हणून आतल्या थराला अंबाडीचे धागे आडवे-उभे घालायचे. मग ते रुळावर गुंडाळून, वर ओलं मांजरपाटाचं कापड घट्ट आवळून, लोखंडी पिंपात बसवायचं आणि मंद वाफेत ठेवायचं. मामंजींची वाया जाणारी वाफ आता खरी कामाला लागली. काजळी बाद झाली. रबर दुधाच्या सायीसारखं निघालं, आणि वासही दर घाण्याला उतरत गेला. मी "कमी", सासूबाई "लई कमी", यावर आमचं एकमत व्हायला लागलं.

वरवंट्याची परीक्षा झाली ती अमावास्येच्या दिवशी, हे पक्कं आठवतं, कारण गिरणी बंद होती आणि सगळे घरी होते. सकाळी पट्टी टांगली, हंडा रटरटायला लागला. आम्ही धाड आवाजाची वाट बघत बसलो. न्याहारी झाली. आवाज नाही. दुपारचं जेवण झालं, चटणीवाचून. सासूबाई जाऊन बघून आल्या. वरवंटा वाफेत लोंबत होता. उन्हं उतरली तशी वस्तीवरची माणसं गोळा झाली. धोंडाबाईसुद्धा आली. शेवटी भाऊ वरवंटा सोडायला उठले तर सासूबाईंनीच त्यांना अडवलं.

"ऱ्हाऊ द्या. लटकू द्या. मी उद्या बी दही-भातच घालीन समद्यास्नी."

आणि वैशाख आला.

मामंजींनी स्वतःहून पेठेतल्या त्याच व्यापाऱ्याला पुन्हा बोलावलं. मी विचारलं, दुसरा कुणी नाही का? तर म्हणाले, "ज्यानं त्वांड वाकडं केलं, त्येलाच सरळ करू दे." बॉयलर घ्यायला आलेला माणूसही त्याच दिवशी आला. शिवाय मुंबईच्या यंत्रविक्याचा एक गुमास्ता कुठूनशी वार्ता ऐकून आला होता, टोपी नि बूट घातलेला. मुठ्याहून, मुळशीहून, धरणाच्या काठावर उरलेल्या वाड्यांवरून माणसं आली. पत्र्याखाली इतकं तापलं होतं की उभं राहवेना. भाऊ मात्र म्हणत होते, "छान. अजून तापू द्या."

यंत्राच्या तोंडाशी धोंडाबाई उभी राहिली. तिनं पोत्यात हात घातला, भात बोटांत फिरवलं, एक दाणा दातानं फोडला. "ह्ये सुकल्यालं हाय. सोडू?"

"तुम्ही ठरवा," भाऊ म्हणाले.

तिनं पदर खोचला आणि ओंजळ सोडली. ह्यांनी पट्टा चढवला. रूळ फिरले. खालच्या घमेल्यात पांढरे, लांबट, अख्खे दाणे पडायला लागले. लोकांत कुजबुज झाली. मामंजींनी मुंडासं काढलं नाही. एकदा काढून फसले होते. ते नुसते रुळांकडं बघत होते. एक पोतं संपलं. दुसरं संपलं. व्यापारी पाटावर बसला होता तो उठून जवळ आला. दुपार झाली, पत्रा कडाडायला लागला, माणसांना घेरी येत होती, आणि रूळ मात्र त्याच सुरात फिरत होते. उन्हं कलेपर्यंत गिरणी थांबली नाही. शेवटचं पोतं रिकामं झालं तेव्हाच ह्यांनी पट्टा उतरवला.

एकदम सगळं शांत झालं. भाऊ पुढं झाले आणि त्यांनी रुळावर गाल टेकवला. चटका बसला असणार, पण काढला नाही. मग नखानं दाबून बघितलं. मग हसले.

धोंडाबाईनं सुपात तांदूळ घेऊन पाखडला. सूप वर-खाली होत होतं आणि सगळ्यांचे डोळे सुपाबरोबर. तिनं सूप थांबवलं, बोटानं उकरलं, परत पाखडलं. मग सूप थेट व्यापाऱ्याच्या नाकासमोर धरलं.

"कनी हुडका. मला गावंना."

व्यापाऱ्यानं हुडकली. बराच वेळ हुडकली. भाऊंनी एक मूठ माझ्यापुढं धरली आणि हळूच म्हणाले, "वहिनी, सांगा." मी खोल श्वास घेतला. गंधक नाही. रबर नाही. दुसरं काहीच नाही. "आंबेमोहोर," मी म्हटलं, "नुसता आंबेमोहोर." त्यांनी मान हलवली आणि पोत्यावर बसले. त्यांना हुंदका आला होता. बाकीच्यांना वाटलं, उकाड्यानं बसले.

व्यापाऱ्यानं उपरण्यात तांदूळ बांधून घेतला आणि मामंजींना म्हणाला, "पाटील, पुढल्या सुगीचा माझा सगळा आंबेमोहोर इथं." बॉयलर घ्यायला आलेला माणूस कधी निघून गेला ते कुणी पाहिलंच नाही.

गुमास्ता मात्र गेला नव्हता. तो भाऊंच्या शेजारी पोत्यावर टेकला आणि खालच्या आवाजात बोलायला लागला. मी पाणी घेऊन गेले होते म्हणून मला ऐकू आलं. ह्यात काय काय घातलंय ते फक्त आपल्यालाच सांगावं, दुसऱ्या कुणाला नाही. आमचे साहेब आपल्याला मुंबईत बंगल्यात ठेवतील, मोठी प्रयोगशाळा देतील, रुळांवर आपलं नाव छापतील.

भाऊंनी पाणी पिऊन तांब्या माझ्या हातात दिला. मग ते पोत्यावर चढून उभे राहिले. आधीच उंच, त्यात पोत्यावर. डोकं पत्र्याला लागलं.

"ऐका हो!" ते ओरडले. "एरंडेल घ्या, तापवा, त्यात गंधक घालून घोटा, गोळा होईपर्यंत. मग झाडाचं रबर—"

गुमास्त्यानं त्यांच्या कोटाचा शेव धरला. शेव त्याच्या हातात आला. भाऊ थांबले नाहीत. कशात काय किती, मळायचं किती, अंबाडी कशी घालायची, वाफ किती मंद ठेवायची, सगळं भडाभडा सांगत सुटले. माणसं तोंडं उघडून ऐकत होती. कुणाला किती कळत होतं देव जाणे.

मी घाबरून मामंजींकडं बघितलं. गिरणी त्यांची होती. आज सकाळपर्यंत मोडीत निघालेली, आणि आता कुठं उभी राहिलेली. हे सगळं चव्हाट्यावर मांडलं, तर उद्या गावोगाव असे रूळ होतील, आणि आमच्याकडंच कुणी का येईल? मामंजींचा चेहरा लाल झाला होता. ते गर्दीतून वाट काढत पुढं आले, पोत्यापाशी थांबले आणि त्यांनी हात वर केला. भाऊ गप्प झाले.

मामंजी मागं वळले. दाराबाहेर, उन्हात, धरणाच्या वाड्यांवरची माणसं टाचा उंचावून उभी होती. त्यांच्याकडं एकदा बघून मामंजी परत वळले आणि खड्या आवाजात म्हणाले,

"मास्तर, जरा दमानं. मागल्यास्नी ऐकू ग्येलं न्हाई. शाडू किती म्हनलात?"